सुईत औषध नाही

आमच्या सुईवाल्या बाईंवर अन्याय झाला तो २००६ सालच्या दिवाळीआधीच्या मंगळवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, अंबरनाथला बुवापाड्याच्या नाक्यावर, आणि तो मी केला. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण मला तसंच शिकवलंय. आमच्या चळवळीच्या गटातले दादा सांगायचे, पत्रकाच्या पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला, कधी झाला, कुणी केला ते यावं. शेवटच्या ओळीत मागणी यावी. मधलं कुणी वाचत नाही. मधलं कुणी वाचत नाही म्हणून तेव्हा मीही मधे काय लिहितेय याची फार फिकीर केली नाही. आज मात्र सगळं मधेच आहे, तेव्हा वाचा. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत दुखण्याचा इतका आदर करणारी आणि दुखणाऱ्या माणसाची इतकी कमी भीड ठेवणारी दुसरी बाई जन्माला आलेली नाही. आली असती तर दोघींनी भेटल्या भेटल्या एकमेकींना ताठ बसवलं असतं.

बाई फिजिओथेरपिस्ट. हा शब्द आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून सुईवाल्या. आधी बदलापूरला तळमजल्यावर त्यांचं क्लिनिक होतं, त्यात शेकाची, करंटची अशी मशीनं होती. २००५च्या पुराने ती बुडवली. बाईंनी मशीनं उन्हात वाळत घातली, चार दिवसांनी चालू करून पाहिली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. मग त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, पुन्हा तळमजला घ्यायचा नाही. दुसरी, लाईटवर चालणारी वस्तू ठेवायची नाही, कारण तेव्हा भारनियमन असं होतं की शेकायला आलेला पेशंट अर्धी पाठ गरम आणि अर्धी गार घेऊन घरी जायचा. ड्राय नीडलिंगचा कोर्स त्यांनी केलेलाच होता. त्याची सुई केसापेक्षा जराशी जाड आणि आतून भरीव असते. तिला भोक नाही, मागे सिरिंज नाही. वर्षानुवर्षं एकच काम करून स्नायूत जी गाठ आवळून बसलेली असते ती आधी बोटाने हुडकायची, मग सुईने नेमकी गाठायची. गाठ एकदा फडकते आणि सैल पडते. बुवापाड्यात पहिल्या मजल्यावर भाड्याची एक खोली, तिच्यात एक लाकडी टेबल, बाहेर जिन्याच्या तोंडाशी एक बाकडं, एवढ्यावर बाईंनी पन्नाशीत दुसऱ्यांदा पाटी लावली.

बाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. चेहरेही नाहीत. त्यांना पाठी लक्षात राहायच्या. भाजीबाजारात एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाला मागून येऊन त्या विचारायच्या, "काय हो डावा खांदा, कसे आहात?" आणि गृहस्थही हातातली मेथी सांभाळत सांगायचा की बरा आहे बाई, फक्त सकाळी उठताना कुरकुरतो. एका लग्नात त्या स्टेजवर गेल्या, नवरानवरीला आहेर दिला, मग नवरीच्या मागे जाऊन तिच्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि सासूला सांगितलं, हिला जाड उशी देऊ नका. सासू इतकी गांगरली की त्या घरात पुढे सगळ्यांच्याच उशा बदलल्या.

कुठे दुखतंय हे त्या कधीच विचारत नसत. ते मला सापडतं, म्हणायच्या, तुम्ही काम काय करता ते दाखवा. आणि दाखवा म्हणजे दाखवा. पापडवाल्या मावशी पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. उल्हासनगरला जीन्सच्या शेडमध्ये शिलाई करणारा कारागीर आपलं स्टूल डोक्यावर घेऊन शहाडहून यायचा. कचेरीतल्या एका कारकुनाला आणण्यासारखं काही नव्हतं, तर तो कान आणि खांद्यात फोन धरल्याचा अभिनय करून पंधरा मिनिटं साहेबांशी बोलला, आणि बाकड्यावरच्या मंडळींनी त्याला दाद दिली. ती स्टुलं, पोळपाट, लाटणी घेऊन बसलेली रांग बघून खालून जाणाऱ्याला वाटायचं वर कुणाच्या तरी घरावर जप्ती आलीय. सगळं बघून झालं की बाई नवं पाकीट पेशंटसमोर फोडायच्या, आधी विचारायच्या, टोचू का, नाही म्हणालात तर नाही. आणि गाठ फडकली की आतून त्यांचा आवाज यायचा, "फडकली." गळाला मासा लागल्यासारखा तो आनंद असायचा. बाहेर बाकड्यावर टाळ्या पडायच्या.

नुसत्या सुईवर त्यांचं समाधान नव्हतं. सुईने गाठ सुटते, म्हणायच्या, पण उद्या तुम्ही त्याच स्टुलावर बसलात तर ती संध्याकाळपर्यंत परत येते. म्हणून त्या व्यायाम शिकवायच्या आणि वर चिठ्ठीही लिहायच्या. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात असायचं, "विटा दोन, मशीनच्या पायांखाली, कायमच्या." आमच्या नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडे अशा चिठ्ठ्या घेऊन लोक जायचे, आणि तो बिचारा समोरच्या बांधकामाकडे बोट दाखवायचा.

चौथी सीट घेणाऱ्या शेअर रिक्षात त्या बसत नसत. ड्रायव्हरशेजारी चौथा माणूस कोंबला की ड्रायव्हर अर्ध्या ढुंगणावर गाडी चालवतो आणि चाळिशीत त्याची कंबर जाते, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा बरोबर होता, पण अंबरनाथ-बदलापुरात या तत्त्वाने वागायचं म्हणजे आयुष्यभर चालायचं. बाई चालायच्या. एकदाच त्यांनी तत्त्व मोडलं. डावा हात भरून आलाय म्हणून एक गृहस्थ सुई घ्यायला आले, बाईंनी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला, सुईचं पाकीट उघडलंसुद्धा नाही. हे माझं काम नाही, चला, म्हणाल्या, आणि मिळेल त्या रिक्षात त्यांना घालून स्वतः ड्रायव्हरशेजारी चौथ्या सीटवर अर्ध्या लटकत हॉस्पिटलला गेल्या. गृहस्थ वाचले. त्या ड्रायव्हरला मात्र वाटेत दोन व्यायाम शिकावे लागले.

पण आमच्याकडे सुई म्हणजे इंजेक्शन, आणि इंजेक्शन म्हणजे लाल. ताप असो, थकवा असो, गल्लीतला डॉक्टर लाल पाण्याची सुई देतो आणि माणूस दंड चोळत समाधानाने घरी जातो. रिकामी सुई लोकांच्या पचनी पडेना. उल्हासनगरहून एक सेठ यायचे, मानेचे जुने दुखणेकरी. ते एकदा स्वतःच मेडिकलमधून लाल औषधाची बाटली घेऊन आले आणि गयावया करून म्हणाले, "बहनजी, थोडी दवाई तो डालो." बाईंनी त्यांना सुई उजेडात धरून दाखवली, की डालायला भोकच नाही. सेठ आणखी घाबरले. तेव्हापासून बाई नव्या माणसापुढे आधी स्वतःच्या डाव्या हातात सुई टोचून घ्यायच्या आणि मग त्याच हाताने त्याला पाणी द्यायच्या.

आता माझ्याकडे येते. माझी आत्या उल्हासनगरला जीन्सच्या शेडमध्ये धागे कापायचं काम करायची. तेलाच्या उलट्या डब्यावर बसून दिवसभर कात्री. दोन वर्षं तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. केस विंचरायलासुद्धा ती मला हाक मारायची. रविवारी ती बाईंकडे जाऊन आली आणि रात्रभर कण्हली. सोमवारी सकाळी मी विचारलं, काय दिलं त्यांनी. आत्या म्हणाली, "सुईत काहीच नव्हतं गं."

एवढं वाक्य मला पुरलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, अंगारेधुपारे, गंडेदोरे, भोंदू वैद्य यांच्याविरुद्ध आमच्या गटाची मोहीम चालू होती, आणि इथे माझ्याच घरात माझ्याच आत्याला कुणीतरी रिकामी सुई टोचून पाठवलं होतं. मी बाईंना भेटले नाही. आत्याला आणखी एक प्रश्न विचारला नाही. दुपारपर्यंत मजकूर लिहिला, संध्याकाळी पिवळ्या कागदावर पाचशे प्रती छापून घेतल्या. मथळा होता, "सुईत औषध नाही". खाली फसवणूक, दिशाभूल, कष्टकऱ्यांच्या देहाशी खेळ, आणि शेवटी बुवापाड्यातून हे दुकान हटवा अशी मागणी. मंगळवारी सव्वानऊला मी नाक्यावर उभी राहिले, दुपारी दारोदार फिरले. दिवाळीची साफसफाई चालली होती, बायका कागद आनंदाने घेत होत्या.

संध्याकाळी घरी आले तर आत्या स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे उतरवत होती. उजव्या हाताने. डबे पुसून तिने फळीवर नवे कागद अंथरले होते, आणि ते कागद माझीच पत्रकं होती. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, बाईंनी सांगितलं होतं दोन दिवस जास्त दुखेल, शेक घे, तिसऱ्या दिवशी हात वर करून बघ. तुला सांगायचं राहिलं.

मला राग आला, आणि कुणावर ते कळेना. दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. बाकडं रिकामं होतं. बाई टेबलावर माझं पत्रक पसरून हातात लाल पेन घेऊन बसल्या होत्या. मी ओळख करून दिली. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पत्त्यात पहिला मजला लिहायचं राहिलंय. लोक जाब विचारायला खाली भाऊंचं दार वाजवतायत."

भाऊ म्हणजे घरमालक, कारखान्यातून निवृत्त झालेले, तळमजल्यावर राहणारे. सकाळपासून दार वाजून वाजून वैतागले होते आणि पत्रक वाचून घाबरले होते. बाईंना त्यांनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली होती. हे बाईंनी मला असं सांगितलं की जणू दूधवाला उद्या येणार नाही. मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डोकं दुखतं का गं तुझं? उजव्या कानाच्या वर?"

दुखत होतं, वर्षभर. मी समजत होते व्यवस्थेच्या विचाराने दुखतं. तसं मी म्हटलंही. बाईंनी माझी खांद्यावरची पिशवी हातात घेऊन तिचं वजन केलं, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबरच आहे तुझं. व्यवस्थेवरचीच पत्रकं आहेत ना ही सगळी?" मग त्यांनी उजव्या खांद्यावर एके ठिकाणी अंगठा ठेवला आणि दाबला, आणि दुखलं ते खांद्यात नाही, थेट कानाच्या वर. टोचू का, त्यांनी विचारलं, नाही म्हणालीस तर नाही. मी हट्टाने हो म्हटलं. टिचकीएवढी सुई लागली, मग काहीच नाही, मग खांद्याच्या आत जिवंत मासोळीने शेपूट मारावं तसं काहीतरी उडालं.

"फडकली," बाई म्हणाल्या, सवयीने, मोठ्याने. बाहेर टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

मी म्हटलं, मी माफीचं पत्रक काढते, हजार प्रती. बाईंनी ते उडवून लावलं. भाऊंकडे गेले तर त्यांनीही. भाऊंचा छापील अक्षरावर गाढ विश्वास. म्हणाले, पहिलंही छापील, दुसरंही छापील, मग मी खरं कुठलं धरू? बाईंची अट वेगळी होती. दारोदार वाटलंस, तर दारोदार परत घे, म्हणाल्या. आणि जाशील त्या घरात एवढंच विचार, इथे कोण बसून काम करतं, आणि कशावर बसतं. त्यांनी मला एक शाळेची वही दिली. पिशवी डाव्या खांद्याला लावायला सांगितली, आणि दर दहा घरांनी खांदा बदलायला.

मी फिरले. दिवाळीचे दिवस, लोकांच्या हाताला बेसन, आणि मी दारात उभी राहून म्हणतेय, परवा दिलेला कागद परत द्या. एका काकूने विचारलं, "वाटायचे पैसे कमी पडले काय गं?" दुसरीने करंजीखालून काढून दिलं, तेल लागलेलं. काही फळीवर अंथरलेले होते, काही पोरांनी विमानं करून उडवले होते, ती उलगडून घेतली. आणि प्रत्येक घरात मी प्रश्न विचारत होते, वहीत लिहीत होते. उलटी बादली. पाट. तेलाचा डबा. तेलाचा डबा. जमीन. शिलाई मशीनला मोडकी खुर्ची, खाली पाटा. पाचव्या गल्लीत माझ्या लक्षात आलं की दोन वर्षं मी याच घरांत शोषणावरची पत्रकं टाकतेय आणि माणसं बसतात कशावर हे मी एकदाही पाहिलेलं नाही. शेडचे मालक गाद्यांवर बसतात, कारागीर डब्यांवर, हे वाक्य मी कुठल्याच पत्रकात लिहिलं नव्हतं, कारण ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पाचशेपैकी पावणेचारशे जमली. गठ्ठा घेऊन मी भाऊंपुढे ठेवला. म्हटलं, बघा, घेतली परत. भाऊंनी गठ्ठ्यावरून हात फिरवला. वाईट माणूस नव्हे. म्हणाले, "कागद परत घेशील पोरी. वाचलेलं कसं परत घेशील?"

मी गठ्ठा उचलून पिशवीत घातला आणि पिशवी डाव्या खांद्याला लावली.

महिनाअखेर टेम्पो आला. टेबल उचलायला आलेल्या दोघांना बाईंनी तीनदा ते खाली ठेवायला लावलं, कारण ते कंबरेतून वाकत होते. गुडघ्यातून वाकल्याशिवाय माझं टेबल हलणार नाही, म्हणाल्या. आत्या त्या दिवशी खाडा करून आली होती, तिने सुयांचे खोके एकेक करून वरून खाली दिले, हात उंच करून, मुद्दाम. बाकडं टेम्पोत बसेना, ते जिन्यावरच राहिलं. पिवळा गठ्ठा मी जाळायला घेतला, तर बाईंनी तो हातातून काढून घेतला. मागची बाजू कोरी आहे, म्हणाल्या.

बाई आता वांगणीला असतात. खत-बियाण्यांच्या दुकानावर, अर्थातच पहिल्या मजल्यावर. मी महिन्यातून एकदा जाते. पेशंटचे केसपेपर म्हणून त्या माझीच पत्रकं वापरतात. कोऱ्या बाजूवर माणसाची पाठ काढलेली, गाठ तिथे फुली. उलट बाजूला फसवणूक, दिशाभूल, देहाशी खेळ, सगळं लाल पेनने खोडलेलं. फक्त मथळा ठेवलाय. नवा पेशंट ताटकळताना कागद उलटून वाचतो आणि हळूच विचारतो, बाई, सुईत औषध नाही? नाही, बाई सांगतात, म्हणून तर छापून घेतलंय. शेतावर राबणारी माणसं ती. छापील आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान होतं. इतकं होऊनही बाईंनी मला एका शब्दाने कधी दुखावलं नाही. मागच्या खेपेला फक्त उजवा अंगठा चोळत बसल्या होत्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाठी दाबून तो आता पहाटे ठणकतो. म्हणाल्या, हात माझा मला टोचता येतो गं, पण दोन खांद्यांच्या मधे पाठीवर एक जागा आहे, तिथे माझंच बोट पोचत नाही. मी त्यांच्या मागे बसले आणि त्या सांगत गेल्या तसतसं चाचपत गेले, आणखी वर, आत, नाही, खाली. ती जागा मला सापडली नाही. बाई म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वेळी.

बुवापाड्यातल्या त्या खोलीत आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बाकडं अजून जिन्यावरच आहे, आणि त्यावर बसणारा माणूस आपोआप सावरून ताठ बसतो. का, ते त्याला ठाऊक नसतं.

सव्वाशे पत्रकं अजून तुमच्याकडे आहेत. बाईंचे केसपेपर संपत आले. तेव्हा मागणी एकच: उठा, फळीवरचे डबे उतरवा, खालचा पिवळा कागद काढा आणि वांगणीला नेऊन बाईंच्या हातात द्या. डबे उतरवताना हात खांद्याच्या वर गेला नाही, तर कागदाबरोबर तुम्हीही तिथे थांबा. आणि येताना ज्याच्यावर बसून काम करता ते सोबत न्या.